रायभानचा एडका

रायभान धनगराला आपल्या अकलेचा लय गर्व. रझाकाराच्या धामधुमीत भावकीतल्या एकाचा अख्खा कळप एका फटक्यात गेला, तेव्हापासून त्यानं आपली मेंढरं तीन ठिकाणी वाटून टाकली. काही घरी झरीला, काही मेव्हण्याकडं पिंगळीला, काही लेकीच्या सासरी राणीसावरगावला. "एक बुडलं तर दोन ऱ्हातेत," असं तो पारावर बसून कुणी न विचारताच सांगायचा.

एडका मात्र एकच. तीन नर कशाला पोसायचे? तिन्ही गावच्या मेंढ्यांसाठी रायभान स्वतः त्याला फिरवायचा आणि सोयऱ्यांकडं तुडुंब जेवून यायचा.

एका हिवाळ्यात पिंगळीच्या मेंढरांना देवी आल्या. एडका तिथंच होता. त्याला वाचवायचा म्हणून रायभाननं तो तातडीनं राणीसावरगावला हाकलला. तिथंही मेंढरं पडायला लागली, तसा घरी झरीला आणला. महिन्याभरात तिन्ही कळपांचा बाजार उठला.

वाचल्या फक्त दोन मेंढ्या. एडका दारात दिसताच बायकोनं, कोंडाबाईनं, त्या गुपचूप माहेरी पाठवल्या होत्या.

रायभान मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात डोकं धरून बसला, मग एकटाच हसायला लागला. "लांडग्याला तीन गावं साधली नसती, कोंडे. म्या साधली."

जरा वेळानं तो म्हणाला, "या दोनाच्या धा झाल्या की पुन्हा वाटू."

"वाटा की," कोंडाबाई म्हणाली. "पन आदी तुमाला दाव्याला बांधते."