आठ ओळी कमी

फोटो काढायला म्हणून दोन दिवसांसाठी नेलेला स्वेटर बाविसाव्या दिवशी परत आला, तोही कापडी पिशवीत कोंबलेला. नणंदेनं पिशवी दारातच हातात दिली, "घे बाई तुझा ठेवा, फोटो छान आलेत," म्हणाली, आणि खाली गाडी थांबलीय असं सांगत जिना उतरूनही गेली. एरवी तासभर बसून सगळ्यांच्या कपड्यांना नावं ठेवणारी बाई त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

धाकटीनं स्वेटर काढला आणि आधी उलटा केला. नवरा भावंडांत धाकटा, म्हणून ती धाकटी. त्रेचाळीस वर्षांची झाली, केस पिकायला लागले, तरी त्या घरात धाकटीच. विणणारी बाई कुठलाही स्वेटर आधी उलट बाजूनं बघते, कारण खरं काय ते तिथं असतं. काखेपासून काठापर्यंत दोन्हीकडची शिवण उसवलेली होती आणि परत मशीनवर मारलेली होती, पांढऱ्या दोऱ्यानं. तिनं तीच लोकर सुईत ओवून, टाक्याला टाका जुळवत घातलेली शिवण कुणीतरी कात्रीनं कापली होती, स्वेटर टेबलावर सपाट अंथरला होता, आणि काम झाल्यावर पोतं शिवावं तसा शिवून टाकला होता.

फोटो काढायला स्वेटर उसवावा लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तिलाही कळलं. पण आपल्या माणसाबद्दल असलं काही मनात आणायचं नाही, ही खोड तिला लहानपणापासून लागलेली. तिनं मशीनचा दोरा काढला, आपली शिवण परत घातली आणि मूग गिळून बसली. स्वेटर मात्र पहिल्यासारखा बसेना. लोकर एकदा ओढली गेली की पूर्ववत होत नाही.

त्या स्वेटरचं तिला एवढं काय होतं, ते सांगायला हवं. नऊ वर्षांची असताना ती भिंतीवरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. शाळेत पोरं तिला 'तराजू' म्हणायची. घरचे म्हणायचे, खांदा सरळ कर, जणू ती मुद्दामच तसं करत होती. दुकानातला कुठलाही स्वेटर अंगात घातला की डावीकडे लोंबायचा, बटणपट्टी तिरकी व्हायची, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथंच जायची. म्हणून ती विणायला शिकली. हौसबिस काही नव्हती. डावा भाग खांद्यापासून खिशापर्यंत आठ ओळी कमी, पाठीची डावी बाजूही तशीच, हा हिशेब तिनं चुकत चुकत, उसवत उसवत बसवला आणि स्वेटर अंगावर सरळ राहायला लागला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा सोडला तर सासरच्या एकाही माणसाला त्या खांद्याचा पत्ता नव्हता.

त्यातून हा तिचा सगळ्यात चांगला जमलेला. दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरीणबाईंची मदतनीस. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुवायचे, म्हणून बाह्या कोपराखाली चार बोटांवर थांबवलेल्या आणि टोकाला घट्ट उलट-सुलट पट्टी. एकदा वर सारली की घसरायचं नाव नाही. लांबी कमरेच्या हाडापर्यंतच, चाकाच्या स्टुलावर बसताना अंगाखाली येऊ नये एवढी. रंग ठरवायला दोन महिने घेतले होते. शेवटी राखाडीत किंचित हिरवी झाक असलेला सापडला, रोजच्या सात कपड्यांपैकी सहांवर चालणारा. सातव्याचा नाद तिनं सोडला. सकाळी कपाट उघडून 'आज काय घालू' म्हणत उभं राहायची वेळ तिच्यावर येत नसे.

नणंद नेमकं हेच बायकांना शिकवायची, पण माईक लावून. बायकांच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती सल्लागार होती: कुठल्या अंगाला कुठला स्वेटर, कशावर काय चढवायचं, काय झाकायचं. नजर तिची तयार, हे कबूल करायलाच हवं. तिनं हा स्वेटर एकदाच पाहिला आणि सगळ्यांदेखत मागितला. थोरल्या नणंदेला नाही कसं म्हणणार?

दोन महिन्यांनी एक शिक्षिका दवाखान्याच्या खुर्चीत येऊन आडवी झाली आणि तिच्या अंगावर तो स्वेटर होता. रंग गर्द निळा, बाकी सगळा तोच. बाह्या त्याच, पट्टी तीच, लांबी तीच. धाकटीची नजर खिशांवर गेली. डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर वर.

तिच्या हातात लाळ ओढायची नळी, समोर उघडं तोंड, आणि डॉक्टरीणबाई दाढ कोरतायत. विचारणार कुणाला? पाऊण तास ती त्या खिशाकडे बघत उभी राहिली आणि तळपायाची आग मस्तकात चढत राहिली. नळी दोनदा गालाला चिकटली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

गळ्याभोवतीचा कागदी रुमाल सोडताना तिनं विचारलं, "कुठून घेतलात हो हा?"

अर्धं तोंड बधिर असूनही शिक्षिका उत्साहानं सांगायला लागली. दुकान तेच. "सगळ्या घेतायत. जरा तिरका बसतो एवढंच. मी तक्रार केली तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तीच स्टाइल आहे, डावा खांदा थोडा सैल सोडून चालायचं. आता सवय करतेय." आणि तिनं खांदा सोडून दाखवला.

स्वेटरच्या गळ्याला आतून एक पट्टी शिवलेली होती. धाकटीनं ती रुमाल काढता काढता वाचली. 'एका आजीच्या हातच्या विणीवरून.' आजी. चोरी केली ती केली, वर जिची केली तिला म्हातारीही करून टाकली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता, निवडतच राहिला.

"घरातल्या घरातच आहे ना," तो म्हणाला. "परक्यानं नेला असता तर गोष्ट वेगळी."

"परक्याला मी दिला नसता."

"मग ताईला फोन कर. सरळ विचार."

"विचारलं की म्हणतील, असले स्वेटर शंभर जणी विणतात, तुझाच कशावरून?"

"खिसा आहे की. तू सांग तिला, तो वर का..." आणि तो मध्येच थांबला.

तिथंच तर घोडं अडत होतं. स्वेटर आपला आहे याचा तिच्याकडे एकच पुरावा होता, आणि तो तिच्या अंगात होता. चौतीस वर्षं जो खांदा लोकरीखाली झाकला, तो चारचौघांत दाखवला तरच चोरी सिद्ध होणार. नाहीतर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुलाच त्रास व्हायचा."

हे 'जाऊ दे' तिला नणंदेच्या कात्रीपेक्षा जास्त झोंबलं. त्या घरात काही जाऊ द्यायचं म्हटलं की ते नेहमी तिचंच असायचं.

रविवारी ती दुकानात गेली. भांडायचं ठरवलं नव्हतं. ताईंना बाजूला घ्यायचं, हळू आवाजात बोलायचं, आणि ती आजीची पट्टी तेवढी काढायला लावायची, बस. रागावलेली बाईसुद्धा किती थोडक्यावर मिटवायला तयार होते बघा.

वरच्या मजल्यावर भिंतभर आरसा होता. आठ-दहा बायका स्टुलांवर बसलेल्या, पाच जणी आरशासमोर तोच स्वेटर घालून उभ्या, पाच रंगांत. नणंद माईक धरून मध्ये फिरत होती.

"हा एक असला की आठवड्यातले चार दिवस सुटले," ती सांगत होती. "पहिल्या दिवशी आत पांढरा शर्ट, कॉलर बाहेर. दुसऱ्या दिवशी वरची दोन बटणं उघडी. ज्यांचं पोट आहे त्यांनी खालचं बटण लावायचंच नाही, उगाच दाखवायला जाऊ नका."

बायका हसल्या, नसत्या हसल्या तर बरं झालं असतं. कडेला उभ्या असलेल्या एक वयस्कर काकू स्वेटर सारखा खाली ओढत होत्या. "मॅडम, माझा एका बाजूनं वर चढतोय हो."

"स्वेटर चढत नाही काकू, तुम्ही ताठ उभ्या आहात. डावा खांदा सोडा. अजून. अजून थोडा. हं, सगळ्याजणीच करा बघू."

आणि सगळ्याजणींनी केला. पाच बायका रांगेत उभ्या, पाचही जणींचा डावा खांदा बोटभर खाली. धाकटीला आरशात तराजू दिसला. एक नव्हे, पाच. ज्याच्यापायी तिनं आईच्या चापट्या खाल्ल्या, ज्याच्यापायी ती प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत कुणाच्या तरी आड उभी राहिली, ते इथं बायकांना शिकवलं जात होतं. आणि काकू बिचाऱ्या, "मला नाही हो असं फार वेळ जमत," म्हणून माफी मागत होत्या. अशा वेळी बाईच्या आत काहीतरी तुटलं असं लिहायची पद्धत आहे. तिच्या आत काही तुटलंबिटलं नाही. तिला सणकून राग आला, आणि राग बरोबर होता.

"काकू, खांदा वर घ्या," ती म्हणाली.

नणंद वळली. "अगं, तू? बस ना जरा, माझं हे..."

"काकू, स्वेटर देता का मला?"

काकूंनी दिला. धाकटीनं अंगावरचा जाड कोट काढून स्टुलावर टाकला. आत पातळ सुती शर्ट होता. तिनं स्वेटर चढवला, पाचही बटणं लावली आणि आरशाकडे तोंड केलं. काठ सरळ, पट्टी सरळ, दोन्ही खिसे एका रेषेत.

"अय्या," कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला कसा काय बसला?"

"माझ्या मापाचा आहे म्हणून." तिनं बटणं सोडली, स्वेटर काढला आणि पातळ शर्टात तशीच त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज थरथरत होता, तो तिनं थरथरू दिला. "हा खांदा बघा. नऊ वर्षांची असताना मोडला, बोटभर खाली आहे. म्हणून मी माझ्यासाठी डावीकडून आठ ओळी कमी विणते. तो स्वेटर ताईंनी दोन दिवसांसाठी मागून नेला आणि उसवून मापं घेतली. टाके मोजले सगळ्यांनी. ओळी कमी का आहेत, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. तुमच्या उभं राहण्यात काही चूक नाही, काकू. आणि पट्टीवरची ती आजी म्हणजे मी."

कुणी हसलं नाही. तीसएक डोळे एकदम तिच्या खांद्यावर आले. आयुष्यभर ज्या नजरा तिनं चुकवल्या त्या सगळ्या एका ठिकाणी जमल्यासारख्या, आणि अंग भाजत होतं. मोकळं वाटणं वगैरे काही झालं नाही. बघता बघता एकेक बाई गुपचूप बटणं सोडायला लागली.

नणंदेनं माईक ठेवला, धाकटीचा दंड धरला आणि तिला कपडे घालून बघायच्या खोलीत नेलं. पडदा ओढला. त्या एवढ्याशा खोलीत दोघी समोरासमोर, मध्ये वीतभर जागा.

"मला काय माहीत तुझ्या खांद्याचं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "एकोणीस वर्षांत कधी बोललीस?"

"नाही बोलले. पण एकोणीस वर्षं तुमच्यासमोर वावरले, ताई. लोकांच्या अंगात काय खोट आहे ते तुम्ही दारातून ओळखता. माझा स्वेटर तुम्ही टाका न् टाका बघितलात. आत कोण आहे ते नाही बघितलंत."

"मागितलं असतंस तर तुझं नाव घातलं असतं मी."

"मागायला मी आले होते का तुमच्याकडे? तुम्ही आला होतात."

बाहेर कुणीतरी परत करायचे कपडे कुठे द्यायचे म्हणून विचारत होतं. ते ऐकून नणंदेचा चेहरा एकदम उतरला आणि पहिल्यांदाच ती आपल्या वयाची दिसली. धाकटीला क्षणभर वाईट वाटलं. मग उलट्या बाजूची पांढऱ्या दोऱ्याची शिवण आठवली आणि वाटायचं थांबलं.

"माझी इथं काय किंमत राहिली आता?" नणंद म्हणाली. "घरी येऊन दोन शब्द सुनावले असतेस, ऐकून घेतले असते. चारचौघांत उघडं पाडलंस मला."

"उघडी मी पडले, ताई. तुमचा नुसता खिसा वाकडा निघाला."

तिनं पडदा सरकवला आणि बाहेर येऊन कोट उचलला. बायका अजून बघत होत्या. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण तिनं खांदा उचलला नाही.