थोरलीची उशी

थोरली दिवसभर कवळ्या बनवायची. दंतवैद्याकडून साचा आला की मेणावर एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवून बघायचा. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन जेवायच्या टेबलावर एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे मांडायची. वय बेचाळीस. "हिला अजून दुधाचे दात आहेत," असं नवरा म्हणायचा, पण ठोकळ्यांसाठी कपाटाचे दोन कप्पे त्यानेच रिकामे करून दिले होते. प्रत्येक रंगाची, प्रत्येक मापाची वेगळी डबी. जोडणीच्या पुस्तिकेत बावन्नाव्या पानावर जे सांगितलंय ते बावन्नाव्या पानावरच करायचं, एक्कावन्नाव्या नाही. तिचं काम चोख असायचं आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होतं.

वाचनालयाच्या दाराशी एक काचेचं कपाट होतं. सलग तीन वर्षं त्यात थोरलीची जहाजं आणि मनोरे लागले. या वर्षी ग्रंथपालबाईंनी ते कपाट धाकटीला दिलं.

धाकटीला! त्या बयेने ठोकळे हातात धरून सहा महिने झाले नव्हते. ना पुस्तिका, ना डब्या. सगळा माल एका बादलीत. "सुचेल तसं लावते गं ताई," म्हणायची. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. फोनवर मात्र ती "अगबाई, छानच की" म्हणाली, आणि मग भांडी इतकी आपटली की नवरा गुपचूप चपला घालून फिरायला गेला.

शनिवारी दुपारी ती धाकटीकडे पोचली. सांगायला कारण वाचनालयात न्यायच्या बांधाबांधीला मदतीचं. खरं म्हणजे कुठे काय चुकलंय ते बघायचं होतं.

काही चुकलं नव्हतं. धाकटीने ठोकळ्यांतून दोघींची लहानपणीची खोली केली होती. भिंतीलगत एकापुढे एक दोन कॉट, वर खिडकी, खिडकीचं एक दार लटकलेलं, कारण ते तसंच लटकायचं. एका भिंतीला तर तीन रंग, आणि तरी बघताक्षणी ती त्यांचीच खोली. आपल्याला हे सात जन्मांत जमलं नसतं, हे थोरलीला कळलं. कळलं म्हणूनच पोटात जास्त दुखलं.

धाकटी चहा टाकायला आत गेली. थोरलीने वाकून पाहिलं, तर पलीकडच्या कॉटवर एक पांढरा ठोकळा, त्यावर दाताची खूण. वरचा, पुढचा, कोपरा तिरका उडालेला. दात ओळखण्यावरच तिचं पोट होतं, आणि हा तर तिचाच. नवव्या वर्षी जिन्यावरून पडली तेव्हा उडालेला. अडकलेले ठोकळे ती दातांनी सोडवायची. म्हणजे तिचा ठोकळ्यांचा जुना डबा इथे होता! आई तर म्हणाली होती, कुणाला तरी देऊन टाकला.

माझाच माल, आणि माझ्याच नाकावर टिच्चून! थोरलीने नखाने ठोकळा उपटला आणि मुठीत घट्ट धरला.

धाकटीने कप टेबलावर ठेवले आणि लगेच म्हणाली, "अगं, तुझी उशी कुठे गेली?"

"कसली उशी?"

"तुझ्या कॉटवरची. आत्ता तर होती."

"पडली असेल," थोरली म्हणाली.

दोघी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधू लागल्या.

"तो जुना डबा तुझ्याकडे आहे?" थोरलीने खालूनच विचारलं.

"तुझं लग्न झाल्यावर आईने दिला. म्हणाली, ताईला सांगू नकोस, परत मागेल." धाकटी हसली. "माळ्यावर पडून होता इतकी वर्षं. काढायचा धीरच होत नव्हता. तू मला कधी हात लावू दिलास? तुझ्या हातून पडलेले कॉटखालून शोधून द्यायचे, एवढंच माझं काम. 'सापडला' म्हटलं की तू हात पुढे करायचीस. इतकी जळायचे ना मी तुझ्यावर!"

थोरलीची मूठ घामेजली. तिने हळूच ठोकळा खुर्चीच्या पायाशी सरकवला.

"सापडला!" धाकटी ओरडली, अगदी सहा वर्षांच्या पोरीसारखी. आणि थोरलीचा हात सवयीने पुढे झाला. मेल्या हाताला लाज म्हणून नाही.

धाकटी तो ठोकळा देता देता थांबली. बोटांत फिरवून बघितला.

"गरम आहे," ती म्हणाली.

धाकटीने ठोकळा थोरलीच्या तळव्यावर ठेवला.

"घे. उशी तुझी आहे, तूच लाव. पण कपाटात खोली माझ्या नावाने लागणार, ताई."

"हो," थोरली म्हणाली. ती उठली आणि तिने उशी कॉटवर दाबून बसवली.

"तिकडे नाही, दुसऱ्या टोकाला," धाकटी म्हणाली. "तू माझ्याकडे पाय करून झोपायचीस."