उभी राहिलेली महालक्ष्मी

कॅनडातल्या कोर्टानं इंद्रायणीला कधीच मोकळं केलं होतं, पण सोलापुरात ती अजून अवधूतची बायकोच होती. तिकडे खटला चालला तेव्हा ही बार्शीला माहेरी येऊन बसलेली. नोटीस आली ती रागानं कपाटावर भिरकावली, उत्तर दिलंच नाही. असला एकतर्फी निकाल इथलं कोर्ट आपणहून मानत नाही, हे तिला कळलं ते सुबोधशी लग्न ठरल्यावर. नवरा तिकडे दुसरा संसार थाटून बसला, आणि हिला मात्र इथं अंगाला हळद लावायची चोरी!

मुकुंद वकिलांनी वाट काढली. तो निकाल दोन्ही बाजूंना मान्य आहे असं कोर्टात सांगायचं, मग इथलं कोर्ट त्यावर आपला शिक्का मारील. अवधूतचं कुलमुखत्यारपत्र त्याच्या आईकडे, प्रभाबाईंकडे होतं. म्हणजे इंद्रायणीचं लग्न अडलं होतं ते नेमकं जुन्या सासूपाशी. जीव मुठीत धरून तिनं विजापूर रोडवरच्या त्या फ्लॅटची बेल वाजवली.

"ये की गं," प्रभाबाई म्हणाल्या, जणू ही खाली कोथिंबीर आणायला गेली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही पुढ्यात आलं. इंद्रायणीनं चाचरत विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"येईन कोर्टात. सांगतील तिथं सही करीन. पण आधी आत चल."

आतल्या खोलीत महालक्ष्मी उभी होती.

भाद्रपदात घरोघर दोन महालक्ष्म्या बसवतात, तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवतात आणि मुखवटे तांदळात घालून डब्यात ठेवतात. हा तर फाल्गुन होता. थोरलीची जागा रिकामी होती. धाकटी तेवढी लोखंडी स्टँडवर उभी, अंगावर इंद्रायणीचा लग्नातला हिरवा शालू आणि डोक्यावर ताजा गजरा. निऱ्यासुद्धा इंद्रायणी काढायची तशाच, किंचित डावीकडे कललेल्या.

"तिकडचा निकाल आला त्या भाद्रपदात थोरलीला पाठवलं," प्रभाबाई म्हणाल्या. "हिच्यावर अक्षता टाकायला हात उचलेना. घरातली सून अशी टपालानं जाते होय? तेव्हापासून आहे उभी. माझा चहा हिच्यासमोरच होतो."

"आई, मी बार्शीला होते हो."

"तू असशील बार्शीला. ही इथं होती."

इंद्रायणीनं चटकन आपल्या टाचांकडे पाहिलं. कारण बार्शीत रोज सकाळी उठताना तिच्या टाचा दुखत, रात्रभर उभं राहावं तशा. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

"आता तुझ्या हातानं हलव," प्रभाबाईंनी अक्षतांची वाटी पुढे केली. "अक्षता टाक, जागची सरकव, की सुटलीस. फक्त एक ध्यानात ठेव. परत ये असं म्हणायचं नाही. ते नेहमीचं 'पुनरागमनाय च' आज नाही."

एवढंच ना, इंद्रायणीच्या मनात आलं. तिनं सुबोधला आठवलं, देवीच्या पितळी डोळ्यांकडे बघायचं टाळलं आणि अक्षता टाकल्या. पण लहानपणापासून दर गणपतीला, दर महालक्ष्मीला वडिलांशेजारी बसून घोटलेली जीभ ती! मुठीतून अक्षता सुटल्या तसे तोंडातून शब्द सुटले.

"पुनरागमनाय च."

प्रभाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा खुलला.

"बोललीस," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच इंद्रायणीचा हात धरून देवीला जागची सरकवलं, मुखवटा उतरवून तांदळात ठेवला. इंद्रायणीच्या टाचांतली कळ त्याच क्षणी गेली.

प्रभाबाई शब्दाला जागल्या. तारखेला आल्या, सही केली, न्यायाधीशांपुढे स्वच्छ होकार दिला. आषाढात इथल्या कोर्टानंही निकाल मानला आणि श्रावणात सुबोधशी रजिस्टर लग्न झालं. इंद्रायणी सुखात होती, अगदी मनापासून सुखात होती. आपण उगीच घाबरलो म्हणून ती एकदा सुबोधजवळ हसलीही. शालू तेवढा परत मागायचा राहिला.

भाद्रपदातल्या एका दुपारी बाजारात केवडा घेताना तिच्या टाचा पुन्हा दुखू लागल्या. ती रिक्षात बसली. पत्ता जुळे सोलापूरचा, सुबोधच्या घराचा सांगितला, हे तिला पक्कं आठवत होतं. पण भानावर आली ती लिफ्टमधून बाहेर पडताना. फरशीवर रांगोळीची इवली पावलं होती, ती ओळखीच्या उघड्या दारातून आत गेलेली. मागे वळायचं म्हणून तिनं पाय उचलला आणि तो पुढच्याच पावलावर पडला.

आत प्रभाबाई ताट-चमचा वाजवत उभ्या होत्या. स्टँड रिकामं होतं. हिरवा शालू घडी मोडून तयार ठेवला होता.

"कोण आली?" घरात देवी आणताना विचारतात तसं त्यांनी विचारलं.

काही झालं तरी बोलायचं नाही, इंद्रायणीनं ओठ गच्च मिटले. सुबोधचं नाव मनात घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"कोण आली?"

"महालक्ष्मी आली," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडला.