ऊब उपसणारा पंप

बाळांनो, जरा डोळे मिटा. दुपारचं ऊन पाण्यासारखं साऱ्या खरवई गावावर साचलंय असं समजा. पत्र्यांवर, गल्लीत, दोरीवरच्या पांढऱ्या चादरींत नुसतं डुलतंय. आता हे ऊन उपसायचं कशानं?

चौथीतल्या नेत्राला हा प्रश्न पडला तो लाँड्रीत. तिथं तिचे आबा, हरिचंद्र, तीस वर्षं लाकडांवर चालणारा बॉयलर पेटवत होते. दवाखान्याच्या चादरींना कढत पाणीच लागतं. आता बॉयलर विझला होता आणि पाणी तापवायला मागच्या भिंतीशी विजेवरचा हीट पंप बसला होता. मालक हरेशशेठ आबांना म्हणाले होते, "मामा, शनिवारपर्यंत जमलं तर तुम्हीच सांभाळा. नाहीतर घरी आराम करा."

आराम हा शब्द आबांना शिवीसारखा लागला होता.

शनिवारी शाळा लवकर सुटली. नेत्रा डबा घेऊन आली, तर यंत्र गप्प.

"बंद का केलंत, आबा?"

"बिघडलाय. नाव पंप, आन् पाणी कुठनं उपसत नाय. वरून गार वारा सोडतोय. शेठच्या माथी कुणीतरी कूलर मारलाय."

"त्याच्या पाण्याच्या टाकीला हात लावून बघितला?"

"बिघडलेल्याला कशाला हात लावू?"

नेत्रा उन्हाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, पंपानं पाणी उपसलं की विहिरीचं काय होतं?"

"पाणी खाली जातं. दुसरं काय?"

"मग हा वाऱ्यातली ऊब उपसून टाकीतल्या पाण्यात टाकत असेल. ऊब गेली की वारा गारच उरणार ना?"

आबांनी एकदा यंत्राच्या बाजूच्या जाळीकडे पाहिलं. मग उठून त्यांनी बटण दाबलं. पंखा घुमू लागला. नेत्राला वाटलं, सगळी दुपार धाग्याधाग्यानं त्या जाळीत शिरतेय.

तासाभरानं आबांनी डावा तळवा गार वाऱ्यात धरला, उजवा टाकीच्या नळीवर ठेवला, आणि उजवा झटकन मागे घेतला.

"लबाड," ते हसले. "गुपचूप उपसतोय."

हरेशशेठ डोकावले. "काय मामा, जमलं का?"

"जमलं. पण शेठ, ही जाळी रोज झाडाया पायजे. धूळ बसली तर वारा आत कुठनं घेईल?"

"हे मला बसवणाऱ्यानंपण नाही सांगितलं. सोमवारी या मग, वेळेवर."

नेत्रा विझलेल्या बॉयलरकडे गेली, आबांचं जड लाकडी स्टूल दोन्ही हातांनी फरफटत आणलं, पंपासमोर गार वाऱ्यात मांडलं, आणि आधी स्वतःच त्यावर बसली.