अर्ध्या किलोचं पांघरूण

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी चिडलेलो आहे. तान्ह्या मुलांचं वजन करणारा, छताच्या कडीला टांगलेला, गोल तबकडीचा काटा. माझ्या खालच्या हुकाला कापडी झोळी अडकवतात आणि झोळीत मूल ठेवतात. मुलं माझ्याखाली रडतात, लाथा झाडतात, कधीकधी झोळी ओलीही करतात. त्यांचा मला मुळीच राग नाही. राग आहे तो मोठ्यांचा.

कारखान्यात माझी स्प्रिंग बसवली तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराने लोखंडी वजनं लावून मला तीनदा तपासलं. "खोटं बोलायचं नाही बरं का," असं म्हणत त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली. त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी अजून एकदाही खोटं बोललेलो नाही.

मग मी या दवाखान्यात आलो. दोन खोल्या, एक लांब बाक आणि ऊब कमी, धूर जास्त देणारी शेगडी. सुरुवातीला माझा काय मान होता! थोरली नर्स रोज सकाळी मला पुसायची, स्क्रू फिरवून माझा काटा शून्यावर आणायची आणि मगच दार उघडायची. पुढे तिच्यामागे कागदपत्रं वाढली आणि मला परदेशातून येणाऱ्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांच्या हवाली केलं गेलं.

ही मुलं सेवा करायला येतात. दोन महिने राहतात, निघताना रडतात आणि जातात. मनाने वाईट नसतात, पण व्यक्ती तितक्या प्रकृती. एक उंच मुलगा बाळाचे सगळे कपडे काढून वजन करायचा. त्याच्या आधीची मुलगी कपड्यांसकट करायची आणि अंदाजाने काहीतरी वजा करायची. जाताना कोणी कोणाला सांगून जात नाही. कार्डावर मात्र सगळ्यांचे आकडे एकाच रेषेत मांडले जातात.

उंच मुलगा गेला आणि त्याच्या जागी चष्मेवाली आली. तिला मोठमोठी ऑपरेशनं बघायची होती. तिच्या वाट्याला आलो मी. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याखाली उभी राहून फोनवर कुरकुरत होती, "मावशी, मी इथे नुसती भाजीवाली झालेय गं. दिवसभर वजनं करत बसते."

मावशीचा आवाज मलाही ऐकू आला. "भाजीवाली काटा नीट धरते ना? मग तूही धर."

त्या दिवसांत कपड्यांच्या धुलाई केंद्रात काम करणारी एक बाई दर पंधरा दिवसांनी आपली आठ महिन्यांची मुलगी घेऊन यायची. मुलगी फार किरकोळ. उंच मुलाने घेतलेलं शेवटचं वजन सहा किलो होतं, म्हणून तिचं नाव दुधाची पावडर मिळणाऱ्या मुलांच्या यादीत होतं. चष्मेवालीने तिला पाहिलं, थंडगार खोली पाहिली आणि तिचा जीव कळवळला.

"राहू दे पांघरूण," ती म्हणाली. "त्याचं असं कितीसं वजन असणार?"

अर्धा किलो! जाड लोकरीचं पांघरूण होतं ते. मी इमानदारीत साडेसहावर थांबलो आणि त्या थांबण्यानेच घात केला. चष्मेवालीने आनंदाने टाळी वाजवली. नर्सने कार्डावरची वर गेलेली रेष पाहिली आणि मुलीचं नाव यादीतून काढलं. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत लटकत राहिलो.

पंधरा दिवसांनी मी पांघरुणासकट शंभर ग्रॅम कमी दाखवले. आई म्हणाली, "ताई, ही मला हलकी लागते हो. रोज उचलते मी हिला. माझ्या हाताला कळतं."

"अहो, कार्ड बघा ना. आधीपेक्षा वजन चांगलंच आहे. एवढं कमीजास्त व्हायचंच."

आईने मुलीला उचलून छातीशी धरलं. शिकलेल्या माणसापुढे ती आणखी काय बोलणार? मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर मी शिव्या दिल्या असत्या.

त्यानंतरच्या खेपेला पांघरूण वाळलं नव्हतं, म्हणून मुलगी त्याच्याशिवाय आली. मी पावणेसहा दाखवले. चष्मेवालीने मला हलवलं, थोपटलं, पुन्हा वजन केलं. पुन्हा पावणेसहा.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या वेळी या."

नाचता येईना, अंगण वाकडं! मला खाली उतरवलं आणि मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर टाकलं. माझ्या काचेवर कोळ्याने जाळं विणलं. सोळा वर्षांच्या खरेपणाचं हे बक्षीस. मला अपमानाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्या मुलीचं होतं, कारण पुढच्या वेळी ती आलीच नाही.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने मला पुसलं, रिकाम्या कॅनसह शून्यावर आणलं आणि मग मोजून पाच लिटर पाणी ओतलं. मी बरोब्बर पाचवर उभा राहिलो.

"काटा ठणठणीत आहे, बाई," तो म्हणाला. "तुम्ही काय लटकवलं होतं ते आठवा."

चष्मेवालीने कार्ड काढलं. मग खुंटीवरचं दवाखान्याचं तसलंच एक पांघरूण झोळीत टाकलं. मी अर्ध्या किलोवर थांबलो. तिने चष्मा पुसून कार्डावरचा साडेसहाचा आकडा पुन्हा वाचला. मग नर्सकडे गेली आणि सरळ म्हणाली, "चूक माझी आहे. त्या मुलीचं वजन वाढलंच नव्हतं."

नर्सने तिला फैलावर घेतलं, पण उठून चपलाही घातल्या. दोघी धुलाई केंद्रावर गेल्या आणि तासाभराने आईला नि मुलीला घेऊन आल्या. मुलगी साडेपाचवर आली होती. डोळे खोल गेले होते, रडायचीही ताकद नव्हती. तिला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात नेलं. तीन आठवड्यांनी ती माझ्याखाली परत आली ती लाथा झाडतच. इतका गोड मार मी कधी खाल्ला नव्हता.

चष्मेवालीने जाताना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद लावला : 'आधी कपडे काढा. पांघरूण अर्धा किलो भरतं. मी चुकले होते.' पुढच्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी खोली आवरली आणि तो कागद कचऱ्यात गेला. सांगा, चिडू नको तर काय करू?

मित्रांनो, माझ्यासारख्याला पुसा, शून्यावर आणा, एवढं तर मी मागणारच. पण मी फक्त वजन सांगतो. ते कशाचं आहे, ते तुम्हीच बघायचं असतं. आणि मूल रोज उचलणाऱ्या हाताचं माझ्याआधी ऐका.

काल धुलाईवाली आली होती. नवा विद्यार्थी हसून म्हणाला, "थंडी आहे, राहू दे पांघरूण."

"नाही, दादा," ती म्हणाली. तिने पांघरूण काढून खुंटीला अडकवलं, मुलीला आधी दोन्ही हातांवर तोललं आणि मग माझ्या झोळीत ठेवलं.

"आता बघा," ती म्हणाली. "सातच्या वर भरेल."

सात किलो शंभर.