गोड दह्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी रवी आहे. माझं बोलणं कुणी ऐकेल याची मला खात्री नाही. तरी आज बोलणारच, कारण माझ्यावर खोटा आळ आला होता.

साताऱ्याच्या एका सुताराने मला घडवलं. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मंगलाताईंनी मला जुन्या साडीत गुंडाळून इथे बेहालाच्या फ्लॅटमध्ये आणलं. घरात कुणाचं पोट बिघडलं की मला मान मिळे. ताजं, पातळ, लोणी काढलेलं ताक, त्यात भाजलेलं जिरं, चिमूटभर सुंठ आणि सैंधव. सोबत मऊ भात. पुढे मिक्सर आला आणि मी खिळ्याला लटकले.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला, शकुनला, जुलाब लागले. डॉक्टरांनी पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या आणि हलकं खायला सांगितलं. मंगलाताईंनी मला खाली काढलं. त्यांचा मुलगा सलील धावत जाऊन दही घेऊन आला. मी जीव ओतून घुसळलं. पण संध्याकाळपर्यंत शकुनचे जुलाब वाढले.

सून भाग्यश्री वैतागली. "आई, ही रवीच बुरसटलीय!"

"अगं, धुतली होती मी."

"धुऊन काय होतंय? इतकी वर्षं खिळ्याला लटकलेली!"

तिने मला कचऱ्याच्या पिशवीत घातलं. मंगलाताईंनी अडवलं नाही. त्यांनाही शंका आली असावी. मी मात्र पिशवीत कांद्याच्या सालींवर पडून ओरडत होते, की मी बुरसटलेली नाही!

तेवढ्यात शकुन क्षीण आवाजात म्हणाली, "आजी, ताक मस्त होतं. आइसक्रीमसारखं. अजून दे ना."

"आइसक्रीमसारखं?" मंगलाताईंनी उरलेल्या दह्यात बोट बुडवून चाखलं. "सलील, हे काय आणलंस?"

"मिष्टी दोई, इथलं गोड दही. तिला आंबट चालत नाही ना. म्हटलं, आजारी पोर, गोड तरी घेईल."

"अरे शहाण्या, जुलाबात एवढी साखर? आणि मी एक, दही दिसलं म्हणून चाखलंसुद्धा नाही!"

भाग्यश्रीला हसू फुटलं. "दही मिठाईवाल्याचं, आणि शिक्षा रवीला!"

तिनेच मला बाहेर काढलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि कोरडं पुसलं. सलीलला पुन्हा खाली पिटाळलं, या वेळी टॉक दोई, म्हणजे आपलं साधं दही आणायला. डॉक्टरांच्या पुड्या चालूच होत्या, त्यामुळे सगळं श्रेय मी घेणार नाही. पण दुसऱ्या दिवशी शकुनने मऊ भात-ताक खाल्लं आणि तिच्या पोटात ते टिकलं.

मित्रांनो, जुनी म्हणून मला पुजू नका. धुवा, उन्हात वाळवा, कामाला लावा. ताकाने भागलं नाही तर खुशाल डॉक्टरांकडे जा, मी आडवी येणार नाही. पण माझ्यावर आळ घ्यायचा असेल, तर आधी दही चाखा.