एकाच खोडीची पाच झाकणे

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे झाकण आहे आणि आजवर मी एकाही डब्यावर बसलेलो नाही. झाकणाच्या जातीत याहून मोठी नामुष्की नसते. तरीही लोणावळ्याच्या बद्रुद्दीनशेठच्या चिक्कीच्या कारखान्यात मी खिडकीशेजारी खिळ्यावर मानाने टांगलेला आहे. डब्यांवर बसणारी शहाणीसुरती झाकणे केव्हाच गंजून भंगारात गेली. म्हणून माझी गोष्ट जरा तोऱ्यातच सांगणार आहे. ऐकून घ्या.

माझा जन्म वाहिदच्या दुकानात झाला. वाहिद रॉकेलचे रिकामे डबे कापून त्यांच्या पत्र्यातून गूळ आणि शेंगदाणे ठेवायचे मोठे गोल डबे बनवायचा. हात मोठा सफाईदार. पण त्या दिवशी त्याचा साचा जरासा सरकला आणि कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या साच्यातून आम्ही दोन डझन झाकणे निघालो. सगळ्यांची कड गव्हाच्या दाण्याएवढी आत दुमडलेली आणि एका अंगाला किंचित जाड. शेठच्या कारखान्यात आम्हाला डब्यांवर बसवून पाहिले. एकही बसेना.

वाहिद बिचारा ओशाळला. "शेठ, माझी चूक झाली. परत नेतो," म्हणाला.

"राहू दे रे," शेठ हसून म्हणाले, "टाक मागच्या ढिगात. लागतील कशाला तरी."

मागच्या ढिगात म्हणजे अडगळीत. तिथे तुपाच्या डब्यांची, बिस्किटांच्या डब्यांची, कुठल्या कुठल्या पिंपांची झाकणे पडलेली होती. निदान त्यांनी एकेकाळी डबे झाकले होते. आम्ही जन्मापासूनच बिनकामाचे. मी दोन पावसाळे तिथे रुसून पडलो होतो.

ढिगातून कारखान्याचे दार दिसायचे. आत शेंगदाणे भाजले जायचे, गुळाचा पाक उकळायचा आणि खिडकीच्या उजेडात गोणपाटांवर बायका दाणे निवडायला बसायच्या. खिडकीची पहिली जागा बायाची. बाया टाकवे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतली. अठरा वर्षे ती त्याच जागेवर बसत होती. खवट, सुरकुतलेला, फुटका दाणा एकीकडे, टपोरा एकीकडे, आणि टपोऱ्यातही एकसारखा तेवढाच पुढे जायचा. सारखा दाणा असला की चिक्की सारखी कापली जाते, असे ती म्हणायची. "खडा ऱ्हायला तर गिऱ्हाइकाचा दात जातो, आन् दाणा चुकला तर आपलं नाव जातं," हे तिचे आवडते बोलणे. नव्या बायकांना ते ऐकून ऐकून पाठ झाले होते.

शुक्रवारी शेठ नमाजाला जायचे, तेव्हा दुपारनंतर कारखान्याला सुट्टी असायची. मग मागच्या माळावर झाकणफेक रंगायची. हा खेळ मुकादम केरबाने काढला होता. माळावरच्या पाच झाडांना पाच टोपल्या टांगलेल्या. कारखान्याच्या पायरीवरून झाकण भिरकावायचे, ते जिथे पडेल तिथून पुढची फेक, आणि टोपलीत पडेपर्यंत किती फेका लागल्या ते मोजायचे. पाचही टोपल्या मिळून ज्याच्या फेका कमी, तो जिंकला. दरीत गेलेले झाकण गेलेच. ती फेक मोजायची आणि त्याच जागेवरून दुसरे झाकण टाकायचे.

केरबा तीन वर्षे कुणाला हार गेला नव्हता. ढिगातली उत्तम झाकणे त्याने वेचून घेतली होती. लांब जायला बिस्किटाच्या डब्याचे हलके झाकण, वाऱ्यात टाकायला पिंपाचे जड, जवळच्या फेकीला छोटे, आणि एक चक्क पितळी. "पाची बोटं सारखी नसत्यात. ज्या कामाला जे बोट, त्या कामाला ते," असे म्हणून तो ती झाकणे धोतराच्या सोग्याने पुसायचा. आम्हा दोन डझनांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

ही गोष्ट चौसष्ट सालच्या हिवाळ्यातली. एका सकाळी शेठच्या स्वतःच्या दाताखाली चिक्कीत खडा आला. ते काही बोलले नाहीत, पण ते केरबाच्या नजरेतून सुटले नाही. तो सर्वांसमोर बायापुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी, राग मानू नगा. पर तुमी सुईत दोरा ओवताना सुई पार हातभर लांब धरता. माज्या डोळ्यानं बघितलंय. आता निवडणीला तरणी नजर पायजे. तुमी उद्यापासनं कढया घासा."

अठरा वर्षांच्या जागेवरून केरबा तिला उठायला सांगत होता. बायाच्या हातातले सूप तसेच राहिले.

"खडा माजाच आसंल," ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू? जवळचं धुकट दिसतं. लांबची घार दिसती, हातातला दाणा दिसत न्हाई. पर निवड मी डोळ्यानं करतच न्हाई, केरबा. बोटानं करती. परवा पोटात दुकत हुतं म्हून घाई झाली."

"बोटानं!" केरबा हसला. त्याच्यामागे दोघे-तिघे हसले. मला ढिगात पडल्या पडल्या त्याचा संताप आला.

शेठ अडचणीत पडले. बाया त्यांना बहिणीसारखी, पण कारखान्याचे नावही राखायचे होते. तेवढ्यात बाया उठली.

"शेट, येत्या शुक्कीरवारी मी झाकणफेकीत उतरते. झाकणं डोळे बांधून निवडीन, निस्त्या बोटांनी. जिकली तर खिडकी माजी. हरली तर कढया घासीन आन् तोंडातनं अक्षर काढणार न्हाई."

"मावशी, खेळात आणि निवडणीत काय संबंध?" शेठ म्हणाले.

"निवडणीचाच संबंध हाय, शेट. तुमी बगाच."

केरबा तयारच होता. शेठनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाभोवती सगळा कारखाना जमला. रतन नावाची तरणी पोर निवडणीला बायाच्या शेजारी बसायची. तिने बायाच्या डोळ्यांवर फडके बांधले. बाया मांडी घालून बसली आणि एकेक झाकण हातात घेऊ लागली. आधी ते बोटाच्या टोकावर तोलायची, मग अंगठा कडेवरून एक पूर्ण फेरी फिरवायची, शेवटी नखाने टिचकी मारून कानाशी धरायची. चांगली चकचकीत झाकणे तिने भराभर बाजूला सारली. मग तिच्या हातात मी आलो. तिचा अंगठा माझ्या दुमडलेल्या कडेवर आला आणि थांबला. दोन वर्षांत कुणी मला असे निरखून हाताळले नव्हते. तिने मला मांडीवर ठेवले आणि पुढचे उचलले. तासाभराने तिच्या मांडीवर आम्ही पाच होतो. पाचही वाहिदच्या त्याच सरकलेल्या साच्यातले.

"आगं बाई!" रतन कळवळली. "मावशी, ही तर शेटनी नाकारलेली. डब्यावरबी बसत न्हाईत."

"मला कुटं डबा झाकायचाय?" बायाने फडके सोडले. "केरबा, पाची बोटं सारखी नसत्यात, पर ती येका हाताची असत्यात. तुजी बोटं पाच हातांची हायेत."

खरे सांगतो मित्रांनो, तेव्हा मला वाटले, ही बाई हात दाखवून अवलक्षण करते आहे. माझ्यावर भरवसा ठेवावा असे माझ्यात काय होते?

पुढचे तीन दिवस पहाटे कामाआधी ती आणि रतन आम्हाला माळावर घेऊन गेल्या. पहिली फेक आंब्याच्या रोखाने टाकली. मी सरळ सुटलो, मधेपर्यंत बरा गेलो, आणि मग माझ्या जाड कडेने दगा दिला. मी डावीकडे वळलो आणि करवंदीच्या जाळीत पडलो. माझ्यामागून दुसरे आले, तेही डावीकडे. तिसरे, चौथे, पाचवे, सगळी त्याच जाळीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

रतनचे डोळे भरून आले. "समदी वाकडी जात्यात, मावशी."

बाया मात्र जाळीसमोर उभी राहून खुदखुदून हसत होती. "व्हय, पर समदी येकाच जागी वाकडी जात्यात. येक बी उजवीकडं गेलं का? ज्याची खोड ठाऊक हाय त्याची भीती कसली? मी उजवीकडं नेम धरीन."

शुक्रवार उजाडला. शेठ नमाज आटोपून थेट माळावर आले. वाहिदही दुकान बंद करून आला आणि आम्हाला बायाच्या ओच्यात पाहून त्याने कपाळाला हात लावला. थंडी होती. दरीतून वर येणारा वारा थोडा वेळ वाहायचा, थोडा वेळ थांबायचा.

पहिल्या दोन टोपल्या केरबाने गाजवल्या. त्याचे बिस्किटाचे झाकण असे झेपावले की माणसे वा वा म्हणाली. दोन्ही ठिकाणी त्याला दोन दोन फेका लागल्या, बायाला तीन तीन. ती आम्हाला ठरल्याप्रमाणे उजवीकडे नेम धरून टाकत होती, पण वाऱ्याचा हिशेब अजून तिच्या हाताला बसला नव्हता. कुणीतरी मागून म्हणाले, "मावशी, कढया वाट बगत्यात." बाया मान वळवून पाहीना.

तिसऱ्या टोपलीपासून वारा वाढला. आता केरबा प्रत्येक फेकीआधी अडखळू लागला. हलके टाकू की जड? पितळी घेऊ की छोटे? प्रत्येकाला लागणारा हात वेगळा, प्रत्येकाची खोड वेगळी. आताच हलके टाकलेला हात जडाला कमी पडायचा, आणि जडाच्या जोराने छोटे टाकले की ते टोपलीच्या पार डोक्यावरून जायचे. तिथे त्याला चार फेका लागल्या. बायाला तीन लागल्या. पुढे त्याला तीन, तर बायाला दोन. चार टोपल्या झाल्या तेव्हा दोघांच्या फेका अकरा अकरा होत्या.

शेवटची टोपली दरीच्या काठच्या जांभळीवर. केरबाने डोके खाजवून बराच विचार केला आणि आपले लाडके हलके झाकण घेतले. ते सुंदर निघाले. मग खालून वारा आला, त्याने झाकण पतंगासारखे उचलले आणि दरीत नेले. पुढे जड, मग छोटे, मग पुन्हा छोटे, असे करत चौथ्या फेकीला त्याचे झाकण टोपलीत पडले. एकूण पंधरा.

बायाने माझ्या एका भावाला टाकले. तो जांभळीच्या अलीकडे तीस पावलांवर पडला. तिथे जाऊन तिने ओच्यात हात घातला. कोणते घेऊ, असा विचार तिला करावाच लागला नाही, कारण आम्ही पाचही एक होतो. हाताला मी लागलो. तिने मला धरले आणि जांभळीकडे बघायचे सोडून उजवीकडच्या मोकळ्या आभाळाकडे पाहिले.

"मावशी, तितं दरी हाय!" रतन ओरडली आणि तिने डोळे झाकून घेतले.

मी सुटलो. खाली नुसती दरी दिसत होती. आयुष्यभर ज्या जाड कडेची मला लाज वाटली होती, तिला मी मनोमन म्हणालो, बाई गं, आता वळ. आणि ती वळली! वाऱ्याने धक्का दिला, पण मी डावीकडे वळलो, फांदीखालून गेलो आणि टोपलीत आदळलो. ठण्ण!

तेरा. तेरा फेकांत बाया जिंकली.

पुढे काय झाले ते मला टोपलीतून नीट दिसले नाही, पण ऐकू सगळे आले. बायकांचा गलका, रतनचे रडणे आणि हसणे एकदमच. वाहिद तर "माझी झाकणं! माझी झाकणं!" म्हणत नाचत होता. केरबा स्वतः झाडावर चढला, मला काढले आणि बायाच्या हातात दिले.

"मावशी, खिडकीखाली तुमचं गोणपाट मी हातरीन," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरेच अंथरले.

शेठ म्हणाले, "मावशी, जागा तुमचीच. मी शंका घ्यायलाच नको होती."

बायाने मात्र एक मागणे केले. रतनला कायम तिच्या लगत बसवायचे. "माजी बोटं, तिचे डोळे. खडा न्हाई सुटायचा. आन् चार वर्सात तिच्या बोटाला बी डोळे फुटतील."

शेठनी वाहिदला आमच्यासारखी आणखी एक डझन झाकणे करायला सांगितली. त्याने महिनाभर खटपट केली, पण साचा एकदा दुरुस्त झालेला. ती चूक त्याला परत जमेना!

मित्रांनो, त्याला आता दहा-बारा वर्षे झाली. माळावर टोपल्या टांगलेल्या आहेत, आणि आता केरबाही एकसारखी पाच झाकणे बाळगतो. खिडकीत रतन बसते आणि नव्या बायकांना खड्याचे ते बोलणे ऐकवते. आम्ही पाच भाऊ तिच्या डोक्यावर एकाच खिळ्याला आहोत.

मागच्या शुक्रवारी बायाला तिच्या नातवाने बैलगाडीतून आणले. आता तिला लांबचेही दिसत नाही. रतनने मला तिच्या हातात दिले. तिचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि नेमक्या जागी थांबला.

"ह्यो आपल्या पाचातला," ती म्हणाली. "रतन, आंबा कुटं हाय गं?"

रतनने तिचे खांदे धरून तिला आंब्याकडे वळवले. बाया क्षणभर उभी राहिली. मग कुणी न सांगता, आपणहून, ती आणखी थोडी उजवीकडे वळली.

म्हणून माझी विनंती एवढीच, मित्रांनो. तुमच्या घरात कुठल्याच डब्यावर न बसणारे एखादे झाकण असेल तर ते फेकण्याआधी डोळे मिटून त्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवा. त्याची खोड समजून घ्या. आणि त्याची भावंडे असतील तर त्यांची ताटातूट करू नका.

आणि हो, बायाची ती आंब्याकडची फेक कुठे गेली, हे तुमचे विचारायचे राहिलेच असेल. ठण्ण!